कृपा आणि कृपादाने

लायकी न पाहता देव माणसाला जवळ करतो, ती कृपा. आणि त्याच कृपेतून मंडळीच्या (चर्चच्या) सेवेसाठी पवित्र आत्मा जे सामर्थ्य देतो, ते कृपादान. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे मिळते. ते कर्मांनी कमावता येत नाही (इफिसकरांस २:८-९). या बाबतीत सारे विश्वासणारे सारखेच. कृपादाने मात्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे ज्याला त्याला वेगळी वाटून देतो, आणि ती सर्वांच्या हितासाठी असतात (१ करिंथकरांस १२:७, ११). म्हणूनच कृपादानावरून कुणाची आध्यात्मिक उंची ठरवता येत नाही. करिंथच्या मंडळीला एकाही कृपादानाची उणीव नव्हती, तरी तिच्यात तट आणि हेवेदावे होते. जीवनाची पारख गलतीकरांस ५:२२-२३ मधल्या आत्म्याच्या फळावरून होते: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढचे गुण.

नव्या करारात कृपादानांची एकच पक्की यादी नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१२:८-१०) नऊ येतात. त्यांत निरोगी करणे, संदेश देणे, आत्मे ओळखणे, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेली भाषा) बोलणे व त्यांचा अर्थ सांगणे यांचा समावेश आहे. रोमकरांस १२:६-८ मध्ये सात आहेत, आणि त्यांत सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, दया अशी रोजच्या वापरातली नावे दिसतात. इफिसकरांस ४:११ मध्ये प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक व शिक्षक ही माणसेच दाने म्हणून सांगितली आहेत. कॅथोलिक परंपरेत दृढीकरणाच्या संस्काराशी जोडलेली आत्म्याची सात दाने यशया ११:२-३ वर आधारलेली असून ती या याद्यांहून वेगळी आहेत. दोहोंची गल्लत करू नये. चमत्काराची दाने प्रेषितांच्या काळाबरोबर थांबली असे काही प्रॉटेस्टंट मंडळ्या मानतात, तर पेंटेकॉस्टल मंडळ्या ती आजही चालू आहेत असे मानतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिथे अन्य भाषांचा अनुभव आला, तरी प्रत्येकाला तो यायलाच हवा असा पंडिता रमाबाईंचा आग्रह नव्हता, आणि ही भूमिका आजही धरण्याजोगी आहे.

इंदूरमध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले. या कामात शिक्षण आणि शुश्रूषा यांचा वाटा मोठा होता. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली इंदूरसाठी निघाल्या, इंदूर ख्रिश्चन कॉलेज १८८७ साली उभे राहिले. व्यासपीठावर दिसणारे तेवढेच कृपादान, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. निमाड-माळव्यातून इंदूरच्या एम. वाय. हॉस्पिटलमध्ये आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला डबा पोहोचवणे, रात्री त्याच्यासोबत बसणे, हे दयेचे दान आहे आणि ते प्रवचनापेक्षा कमी नाही.

आपले दान एकट्याने बसून ओळखता येत नाही. प्रश्नावली भरून फार तर आवड कळते. प्रार्थनेनंतर एखादे छोटे काम ठरावीक मुदतीसाठी घ्यावे: तीन महिने संडे स्कूलमध्ये मदतनीस, किंवा दर आठवड्याला दोन घरभेटी. मग ज्यांची सेवा केली त्यांना विचारावे. मुलांना धडा समजत नसेल तर उत्साह कितीही असो, आपले दान शिक्षणाऐवजी दुसरीकडे शोधावे. वडीलमंडळींनी (मंडळीच्या नेमलेल्या पुढाऱ्यांनी) दुजोरा दिल्यावर जबाबदारी सोपवावी. काही मंडळ्यांत त्या वेळी हस्तार्पण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना, होते. पुढे वापर नसेल तर दान मंदावते. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला ते पुन्हा प्रज्वलित करायला सांगितले आहे (२ तीमथ्य १:६).

उपासनेतले नियम पौलाने आकड्यांनिशी दिले आहेत. अन्य भाषेत दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावे. संदेश देणारेही दोघे-तिघेच, आणि इतरांनी तो पारखावा (१ करिंथकरांस १४:२७-२९). ऐकणाऱ्याला कळलेच नाही तर तो ‘आमेन’ कसा म्हणणार, हे त्यामागचे कारण. इंदूरच्या हिंदी उपासनेत एखाद्या आजींनी मराठीत प्रार्थना केली, तर तिचा आशय हिंदीत सांगणेही याच न्यायाने योग्य ठरते.

सर्वाधिक इजा दोन ठिकाणी होते. ‘प्रभूने मला सांगितले’ म्हणून कुणाचे लग्न किंवा नोकरी ठरवली जाते आणि पारखायला कुणी धजत नाही. असा संदेश शास्त्रवचनाशी ताडून पाहावा, मंडळीच्या वडिलांसमोर ठेवावा, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्यावा. दुसरी चूक आरोग्यदानाबाबतची. आजार बरा झाला नाही की रोग्याच्या विश्वासाला दोष दिला जातो, कधी इन्सुलिन किंवा क्षयाची औषधेही थांबवली जातात. हे शास्त्राला धरून नाही. पौलाने तीनदा विनंती करूनही त्याच्या शरीरातला ‘काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर मिळाले (२ करिंथकरांस १२:७-९). आपला सहकारी त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच सोडले. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करावी आणि औषध डॉक्टरच्या सांगण्यानुसार चालू ठेवावे. अशा प्रार्थनेसाठी पैसे घेऊ नयेत. पैसे देऊन सामर्थ्य मागणाऱ्या शिमोनाला पेत्राने तिथेच फटकारले होते (प्रेषितांची कृत्ये ८:१८-२०).