आक्कांच्या वयाची पार्श्वभूमी

गेल्या मार्गशीर्षात आमच्या आजी, म्हणजे आक्का, गेल्या तेव्हा बातमीत त्यांचे वय काय लिहावे यावर घरात दोन तास चर्चा झाली. आधार कार्डाप्रमाणे त्या ९० वर्षांच्या, मतदार यादीप्रमाणे ९३ वर्षांच्या आणि थोरल्या काकांच्या हिशेबाप्रमाणे ९५ वर्षे पूर्ण केलेल्या होत्या. शेवटी ‘वार्धक्याने निधन’ एवढेच छापले गेले. यंदाच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने काकांचा तो हिशेब कशावर उभा आहे, याची ही नोंद आहे.

आक्कांचे माहेर आटपाडीकडचे आणि सासर कुंडलजवळचे. नकाशात पाहिले तर ही सोयरीक लांबची वाटते. परंतु त्या काळी आटपाडी आणि कुंडल हे दोन्ही भाग औंध संस्थानात मोडत असल्याने कोर्टकचेरीच्या आणि वसुलीच्या कामासाठी दोन्हीकडची माणसे औंधला एकत्र येत, आणि दोघा व्याह्यांची ओळखही तेथेच झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने रयतेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना लागू केली होती. तेव्हा आपण परकर नेसत होतो, एवढीच त्याबद्दल आक्कांची आठवण होती.

लग्न झाले ते १९४२ च्या उन्हाळ्यात. याला कागद नाही, पण घरातले सांगणे पक्के आहे : लग्नानंतरच्या ऑगस्टात ‘चले जाव’ची हाक आली, सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस, म्हणजे ७ जून १९४३ रोजी, शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी लुटली गेली. लग्नात आक्कांना तेरावे सरले होते, असे त्यांच्या आई सांगत. त्यावरून जन्म १९२८ अखेरचा किंवा १९२९ चा ठरतो. काकांचा हिशेब तो हाच.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला कुंडलचा आसरा मिळाला याचे एक कारण हेच की ते संस्थानी हद्दीत होते आणि ब्रिटिश पोलिसांचा हात तेथे सरळ पोहोचत नव्हता. तुफान सेनेची, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाची, माणसे रात्री-अपरात्री वस्तीवर येत. आक्कांच्या सासूबाई त्यांची नावे विचारत नसत, फक्त किती भाकरी लागतील एवढेच विचारत. अडचण होती ती जात्याची, कारण मध्यरात्री घरघर सुरू झाली की चार घरांना कळे. त्यामुळे रोजच्या पहाटेच्या दळणातच दोन पायली जोंधळा जास्त घालायचा आणि ते पीठ वैरणीमागच्या डेऱ्यात ठेवायचे, अशी रीत पडली. दळण वाढले तशा ओव्याही वाढवाव्या लागल्या, असे आक्का हसत सांगत. संपलेली ओवी पुन्हा पहिल्यापासून धरायची. पुढे १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले, तेव्हा तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागे. भाकरी थापल्याचा पुरावा कोण देणार? आक्कांनी अर्ज केला नाही आणि कोणी त्यांना कर म्हटलेही नाही. हे आम्हां सर्वांकडून राहिले, असे मला वाटते.

त्यानंतर घर तेच राहिले, पत्ता बदलत गेला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. मुलांचे जन्मही आक्का अशाच खुणांनी सांगत. धाकटे काका कोयनेच्या भूकंपानंतरच्या पंधरवड्यातले, म्हणजे डिसेंबर १९६७ चे. ११ तारखेच्या पहाटे उतरंडीची मडकी कोसळली आणि दिवस भरत आलेल्या बाईने अंगणात धाव घेतली, हे त्यांनी आम्हांला अनेकदा ऐकवले. शाळेत मात्र धाकट्या काकांची जन्मतारीख १ जून लागली, जशी आपल्याकडे हजारोंची लागली आहे. आक्का शाळेतच गेल्या नाहीत, म्हणून आधार काढताना त्यांच्या वाट्याला १ जानेवारी आली. त्या दिवशी यंत्रावर त्यांचे ठसे उमटेनात. बोटांच्या रेषा झिजून सपाट झाल्या होत्या. गोठ्यातल्या शेणापासून हळदीच्या काढणीपर्यंत सगळे त्याच हातांनी झाले होते.

१९७२ च्या दुष्काळात माहेरची सात माणसे चार महिने आमच्याकडे होती. आटपाडीकडे खडी फोडण्याच्या कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी. आक्कांच्या वडिलांना मिलोची भाकरी उतरेना. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा भिलवडीकडे दिलेली आत्या दोन म्हशी आणि नातवंडांसह आली. नव्वदीतल्या आक्का दारात खुर्ची टाकून बसल्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, ओळख असो वा नसो, त्यांनी तोच एक प्रश्न विचारला : किती भाकरी लागतील?

मृत्यूच्या दाखल्यावर वय आधारवरूनच आले आहे. फोटोखाली जन्मवर्ष १९२९ घालावे, असे काकांचे म्हणणे आहे. धाकटे काका दाखल्याप्रमाणे लिहा म्हणतात. फ्रेमवाल्याने तूर्त ती जागा मोकळी सोडली आहे.