चौकटीबाहेरचा सूर्य

मागच्या हिवाळ्यात मावशीच्या आठवणी व्हिडिओत टिपून ठेवायच्या म्हणून तिला ओसरीवर बसवलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. कलत्या उन्हात तिच्या पांढऱ्या केसांच्या कडा उजळल्या होत्या. सूर्य डावीकडे, फ्रेमच्या बराच बाहेर. तरीही स्क्रीनवर तिच्या लुगड्याचे काळे काठ राखाडी दिसत होते आणि चेहऱ्यावर पातळ ताक पसरल्यासारखं वाटत होतं. एक्स्पोजर कमी केलं तर सगळंच अंधारलं, पण काळं काही काळं होईना. शेवटी तिच्या नातवाला वही घेऊन लेन्सच्या बाजूला उभं केलं. वहीची सावली काचेवर पडली मात्र, काठ काळेभोर झाले आणि मावशीच्या सुरकुत्या एकेक करून परत आल्या.

“काका, पण सूर्य तर चित्रात नव्हताच ना?” पोराने विचारलं. लेन्समध्ये भटकून चित्र बिघडवणाऱ्या अशा प्रकाशाला लेन्स फ्लेअर म्हणतात, आणि त्याचं सगळं मर्म या प्रश्नात आहे.

चित्रात काय येणार हे चौकट ठरवते, पण लेन्सच्या पुढच्या काचेवर चौकटीबाहेरचाही प्रकाश पडतो. तो आत शिरतो आणि भटकतो. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावरून साध्या काचेत सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दहा भिंगांच्या लेन्समध्ये असे वीस पृष्ठभाग असू शकतात. एकावरून परतलेला किरण दुसऱ्यावर आपटून पुन्हा सेन्सरकडे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीकडे, वळू शकतो, आणि वीस पृष्ठभागांत अशा जोड्या होतात १९०. दोनदा परतलेला प्रकाश मूळच्या सहाशेव्या भागाहूनही कमी उरतो, हे खरं. पण सूर्याचं बिंब उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा चाळीस-पन्नास हजार पट तेजस्वी असतं. त्याचा सहाशेवा भागही चित्र बिघडवायला पुरेसा आहे.

हे परावर्तन कमी करण्याची युक्ती काचेनेच सुचवली. हवेने डागळलेली जुनी काच नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत सोडते, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या १८८६ मध्ये लक्षात आलं. १९३५ मध्ये भिंगं बनवणाऱ्या जर्मन झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवण्याची पद्धत शोधली. असा थर साधारण १०० नॅनोमीटरचा असतो. आपला केस त्याच्या पाचशे ते हजार पट जाड. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलाटा एकमेकींना मारतात. लेन्स तिरकी धरली की दिसणारी जांभळी-हिरवट झाक ही त्याच थराची. आजच्या अनेक थरांच्या कोटिंगमुळे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. शून्य मात्र होत नाही.

याचा पुरावा तुमच्या फोनमध्येच आहे. रात्री रस्त्यावरच्या दिव्याचा व्हिडिओ काढा. दिवा वर डावीकडे असेल तर खाली उजवीकडे एक हिरवट ठिपका शोधा. फोन हलवला की ठिपका दिव्याच्या उलट दिशेने पळतो. याला घोस्ट म्हणतात. मावशीच्या चेहऱ्यावर होता तो दुसरा प्रकार: भटका प्रकाश एका जागी न जमता सगळीकडे पसरतो आणि काळ्या भागांत राख कालवतो. मला हा जास्त घातक वाटतो, कारण ठिपका निदान दिसतो. व्हिडिओत तर दहा सेकंदांच्या शॉटला सेकंदाला २५च्या वेगाने २५० चित्रं होतात, आणि कॅमेरा वळला की प्रत्येकातला धूसरपणा बदलतो.

लेन्स हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी कडी, हा याचा पहिला इलाज. उन्हात दूरचं बघताना आपण कपाळावर हात आडवा धरतो, तसाच. पाकळ्यांसारख्या कापलेल्या हूडमध्ये शोभेचा भाग काही नाही: चौकट आयताकृती, म्हणून जिथे तिचे कोपरे येतात तिथे हूड कमी ठेवावा लागतो. तो तिरका बसला तर पाकळ्या चित्राच्या कोपऱ्यांत काळ्या दिसतात. झूम लेन्सची अडचण वेगळी. हूड सगळ्यात रुंद दृश्याला बेतलेला असतो, त्यामुळे झूम करून अरुंद दृश्य घेतलं की तो तोकडा पडतो.

मॅट बॉक्स इथे कामी येतो. मॅट म्हणजे चित्राचा काही भाग झाकणारा आडपडदा. १९००च्या सुमारास फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस असे भाग काळे ठेवून तीच फिल्म पुन्हा चालवत आणि एकाच माणसाला अनेकदा दाखवत. पुढे लेन्ससमोर ही झाकणं धरणाऱ्या पेटीला मॅट बॉक्स नाव पडलं. आज तिच्यात मुख्यतः फिल्टर, म्हणजे प्रकाश बदलणाऱ्या सपाट काचा, बसतात. वरच्या झडपेला फ्रेंच फ्लॅग म्हणतात, बाजूंना पंख असतात, आणि प्रत्येक शॉटला ते हवे तसे वाकवता येतात. १६:९ची (रुंदी १६ तर उंची ९) चौकट बुटकी असल्यामुळे वरची झडप बरीच खाली आणता येते, आणि ऊन बहुधा वरूनच येतं.

पेटी आणि लेन्समधली फट मात्र काळ्या कापडाने किंवा रबरी कड्याने बुजवायलाच हवी. सूर्य पाठीशी असला की प्रकाश त्या फटीतून शिरतो, फिल्टरच्या मागच्या बाजूवर आपटतो आणि थेट लेन्समध्ये जातो. पुढून सगळं नीट दिसतं, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही. फिल्टरचा सपाट तुकडा रात्री दिव्यांची उलटी प्रतिबिंबंही पाडतो. काही पेट्यांत तो किंचित कलवता येतो, त्याने ती प्रतिबिंबं चौकटीबाहेर सरकतात. आणि सूर्य चौकटीतच असेल, तर हूड किंवा झडप काही करू शकत नाही. तिथे काच स्वच्छ ठेवावी. बोटाचा तेलकट ठसा किंवा पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत लेन्सवर चढलेली बुरशीसुद्धा प्रकाश विखुरते.

काही छायाचित्रणकार मुद्दाम फ्लेअर घेतात, आणि तो सुंदर दिसतोही. तो हवा की नको, हे शॉट लावतानाच ठरवायचं.

त्या संध्याकाळनंतर मी स्क्रीनकडे बघून आडोसा लावणं सोडलं. कॅमेऱ्यासमोर येऊन लेन्समध्ये बघतो. पुढच्या काचेवर उन्हाचा कवडसा दिसला की काळं कार्डशीट हळूहळू आत सरकवायचं, काच पूर्ण सावलीत गेली की थांबायचं, मग स्क्रीनवर कार्डाची कड येत नाही ना एवढं पाहायचं. मावशीच्या नातवाला हे दोन मिनिटांत जमलं. ती बोलत होती तेवढा पाऊण तास ऊन सरकत गेलं, आणि तोही वही घेऊन त्याच्याबरोबर सरकत राहिला.