शेअर्ड मेमरी (व्हर्च्युअल मशीन आणि होस्ट यांच्यातली)

होस्टच्या रॅममधला एखादा तुकडा होस्टवरच्या प्रोग्रॅमला आणि आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे गेस्टला, एकाच वेळी वाचता-लिहिता येईल अशी सोय. नेटवर्कवरून डेटा पाठवला की तो वाटेत कॉपी होत जातो, इथे पाठवणंच नसतं, दोघांच्या पेज टेबलमधल्या (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे याची यादी) नोंदी त्याच फिजिकल पानांवर येऊन थांबतात. फक्त गेस्टच्या वाटेत एक थर जास्त असतो, तो ज्याला फिजिकल पत्ता समजतो त्याचा होस्टचा खरा पत्ता इंटेलचं ईपीटी किंवा एएमडीचं एनपीटी हे दुसऱ्या पातळीचं पेज टेबल काढून देतं. लिनक्समधल्या केएसएम या रॅम वाचवायच्या सोयीशी हिचा घोळ करू नये, तिथे सारखी दिसणारी पानं एक केली जातात पण कुणी लिहिलं की लगेच पुन्हा वेगळी होतात.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही जण थेट आयबीएमच्या व्हीएम/३७० पर्यंत (१९७२) मागे जातात कारण त्या घराण्यात शेअर्ड सेगमेंट होते, पण त्यांचा मुख्य उपयोग एकाच कोडची प्रत अनेक मशीनना वाचायला देणं हा होता, दोघांनी लिहून बोलणं हा नव्हे. दुसरं मत झेन या हायपरव्हायझरपासून, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमपासून (२००३), सुरू करतं, तिथे गेस्ट आणि ड्रायव्हर यांच्यात आय/ओची रिंगच (मागण्या आणि उत्तरांची गोल रांग) शेअर्ड पानांवर असायची, पुढे कोणतं पान कुणाला उघडं हे नोंदवणारं ग्रँट टेबल आलं आणि त्यावर झेनसॉकेट (२००७), झेनलूप (२००८) असे प्रयोग झाले. लिनक्समधल्या केव्हीएम या हायपरव्हायझरच्या बाजूला कॅम मॅकडोनेल यांचं अल्बर्टा विद्यापीठातलं नहानी नावाचं काम आहे, त्यातून आलेलं आयव्हीशमेम हे डिव्हाइस २०१० च्या सुमारास केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूएमू या एम्युलेटरमध्ये शिरलं. कल्पना झेनच्या रिंगमध्ये पूर्ण दिसते आणि सामान्य वापरणाऱ्याला स्वतः मांडता येईल अशी सोय आयव्हीशमेमने दिली, असं मानणं जास्त पटतं.

आयव्हीशमेम गेस्टला साधं पीसीआय कार्ड म्हणून दिसतं. अशा कार्डाच्या मेमरीच्या खिडक्यांना बार म्हणतात. बार ० मध्ये रजिस्टर, बार १ मध्ये एमएसआय-एक्सचं (इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारे इशारे, पाठवायचं) टेबल आणि बार २ म्हणजे खुद्द मेमरी. बारचा आकार दोनच्या घातातच लागतो म्हणून २० एमबी मागता येत नाही, ३२ घ्यावे लागतात. लुकिंग ग्लास हा प्रोग्रॅम गेस्टची स्क्रीन याच वाटेने होस्टवर आणतो, त्याचा नेहमीचा हिशोब असा की रुंदी गुणिले उंची गुणिले ४ बाइट गुणिले २ फ्रेम, वर १० एमबी, मग पुढचा घात, म्हणजे १९२० बाय १०८० ला साधारण २६ येतात आणि ३२ ठेवायचे, ३८४० बाय २१६० ला १२८.

२०१६ मध्ये क्यूएमू २.६ ने याचे दोन प्रकार केले. प्लेनमध्ये नुसती मेमरी मिळते, नवं काही आलंय का हे स्वतःच पुन्हापुन्हा बघत राहायचं. डोअरबेलमध्ये एक सर्व्हर युनिक्स सॉकेटवरून सगळ्यांना फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचे क्रमांक) वाटतो आणि डोअरबेल रजिस्टरमध्ये ३२ बिटांचा आकडा लिहिला की समोरच्याला इंटरप्ट जातो, वरचे १६ बिट कुणाला ते सांगतात, खालचे १६ कोणता व्हेक्टर, म्हणजे कितवा इंटरप्ट, ते.

मांडणीत सगळ्यात जास्त अडकायला होतं ते क्यूएमूच्या मेमरी बॅकएंडच्या (मेमरी कुठून घ्यायची ते सांगणारी सेटिंग) शेअर पर्यायावर. तो ऑन नसेल तर मॅपिंग प्रायव्हेट होतं, गेस्टने लिहिलेलं फक्त त्याच्याच प्रतीत राहतं, एरर काहीच येत नाही आणि होस्टवरची फाइल जशीच्या तशी दिसते. ही फाइल बहुधा /डेव्ह/एसएचएम मध्ये असते, ती उघडायची परमिशन क्यूएमू ज्या युजरने चालतं त्याला हवी, एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर ही लिनक्सची सुरक्षा-व्यवस्था आड येत असेल तर तेही बघावं लागतं. गेस्ट लिनक्स असेल तर सिसएफएसमधली (डिव्हाइस फाइलच्या रूपात दाखवणारी लिनक्सची जागा) रिसोर्स२ फाइल एममॅप केली, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून घेतली, की झालं, विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागतो.

मेमरी जोडली म्हणजे शिस्त आली असं होत नाही, लॉक, बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम राखणारी आज्ञा), कोण कधी लिहिणार हे सगळं दोन्हीकडच्या प्रोग्रॅमने ठरवायचं. एआरएमवर आणखी एक पेच आहे, गेस्टने तो भाग अनकॅश्ड मॅप केला आणि होस्टने कॅश्ड तर एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला दिसेलच याची खात्री नसते.

सुरक्षेच्या दृष्टीने हा भाग परका समजावा. होस्टने एखादा आकडा तपासला आणि वापरायला पुन्हा तिथूनच वाचला तर मधल्या क्षणात गेस्ट तो बदलू शकतो, म्हणून आधी स्वतःकडे कॉपी करून मगच तपासायचं. झेनच्या डिसेंबर २०१५ च्या एक्सएसए-१५५ या सुरक्षा-सूचनेतला दोष हाच होता आणि तिथे तर कंपायलरनेच एका वाचनाची दोन करून ठेवण्याची शक्यता होती, त्यामुळे सोर्स बघून तो लक्षात येणं अवघड होतं. एएमडीच्या एसईव्हीमध्ये गेस्टची मेमरी एन्क्रिप्टेड असते, तिथे शेअर करायची पानं गेस्टने मुद्दाम उघडी ठेवावी लागतात.

गेस्टचं आय/ओ बाहेरच्या प्रोसेसकडे सोपवणाऱ्या व्हीहोस्ट-यूजरमध्ये तुकडा नाही तर गेस्टची रॅमच बाहेरच्या प्रोसेसशी शेअर होते. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचं व्हीएमबसही (गेस्ट आणि होस्ट यांच्यातला संवादाचा मार्ग) आतून शेअर्ड रिंगवरच चालतं.