फॅन कट : मालिकेचा सिनेमा करणं

फॅन कट म्हणजे एखाद्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यानं तिचे सगळे भाग समोर घेऊन, त्यातलं नको ते काढून आणि उरलेलं नव्यानं जोडून दीड ते तीन तासांचा एक सलग सिनेमा तयार करणं. यात चॅनेल नाही, निर्माता नाही, नवीन शूटिंग तर काहीच नाही, जे प्रसारित झालं त्यातूनच सगळं करायचं. फॅन एडिट असंही म्हणतात. एकाच कॅरेक्टरचे सीन एकामागं एक चिकटवलेला व्हिडिओ किंवा गाणं लावून केलेलं रील यात धरत नाहीत, कारण फॅन कटची खरी अट अशी आहे की ज्यानं ती मालिका आयुष्यात कधी बघितलेली नाही त्याला दोन तास बसवलं तर त्याला गोष्ट कळली पाहिजे आणि शेवटाला ती संपली असं वाटलं पाहिजे.

बऱ्याच जणांना वाटतं की हे लांबण कमी करायचं काम आहे. लांबण कमी होतेच, पण सगळा जीव आहे तो हा सिनेमा कुणाचा हे ठरवण्यात. मालिका एकाच वेळी दहा माणसांची असते, सिनेमा फार तर एक-दोघांचा. बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' घ्या, २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० एवढ्या काळात दूरदर्शनवर ९४ भाग झाले, त्या सगळ्यांना कात्री लावून तीन तासांत बसवायला गेलं तर नुसती पळापळ होईल आणि कुणाचंच काही कळणार नाही. पण त्यातनं फक्त कर्णाचा सिनेमा करायचा असं ठरवलं की नदीत सोडलेली पेटी, शस्त्रविद्येच्या प्रदर्शनात झालेला अपमान, कुंतीची भेट आणि रुतलेलं चाक एवढ्यावर गोष्ट उभी राहते आणि काय काढायचं हे आपोआप कळायला लागतं. ज्यांना हे ठरवता येत नाही त्यांचे कट दोन तासांचे झाले तरी चार तासांचे वाटतात.

सुरुवात कुठनं झाली

प्रकार गाजला तो मालिकेवरनं नाही, सिनेमावरनं. १९९९ साली आलेला स्टार वॉर्सचा 'द फँटम मेनेस' पसंत न पडल्यामुळं माइक जे. निकोल्स या एडिटरनं स्वतःच त्याची कापलेली आवृत्ती केली, 'द फँटम एडिट' नावाची, आणि २००१ च्या सुमारास ती व्हिडिओ कॅसेट आणि इंटरनेटवरनं हातोहात पसरली. आजच्या फॅन एडिटची सुरुवात तिथनं धरतात. मालिकेचा सिनेमा म्हटलं की मात्र पहिलं नाव येतं 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचं. पाच सीझन, ६२ भाग, आणि दोन फ्रेंच चाहत्यांनी जवळजवळ दोन वर्षं खपून २०१७ मध्ये त्याचा १२७ मिनिटांचा सिनेमा केला. नेटवर टाकला, गाजला, आणि कॉपीराइटच्या कारणानं काढलाही गेला. २०२२ मध्ये 'ओबी-वान केनोबी' ही स्टार वॉर्सचीच सहा भागांची मालिका आली तर त्याच वर्षी एका चाहत्यानं तिचा अडीच तासांचा सिनेमा करून दाखवला. या दोन कामांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा भागांतनं अडीच तास म्हणजे गाळणं, ६२ भागांतनं दोन तास म्हणजे पटकथा नव्यानं लिहिणंच.

मूळ दिग्दर्शकांनी स्वतः हे केल्याची उदाहरणं तर याहून जुनी आहेत. इंगमार बर्गमननं १९७३ ची 'सीन्स फ्रॉम अ मॅरेज' ही सहा भागांची स्वीडिश मालिका कापून तिचा पावणेतीन तासांच्या आसपासचा सिनेमा केला. आपल्याकडं गोविंद निहलानींची 'तमस' १९८८ ला दूरदर्शनवर मालिका म्हणून आली, आणि नंतर सलग चार तासांचा सिनेमा म्हणूनही दाखवली गेली. पण दिग्दर्शकाकडं न वापरलेलं फुटेज असतं, संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. चाहत्याकडं असतं फक्त टीव्हीवर दिसलेलं, सगळं एकत्र शिजलेलं. फॅन कटमधल्या सगळ्या अडचणी आणि सगळी हुशारी इथनंच सुरू होते.

रोजच्या मालिकेचा हिशोब

मराठीत हा विषय निघाला की तो डेली सोपवर येतो, आणि तिथं आकडेच वेगळे आहेत. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधनं जाहिराती वजा जाता २२ मिनिटं धरली आणि आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग, म्हणजे जवळजवळ ११४ तास होतात. त्याचा अडीच तासांचा सिनेमा करायचा तर शंभर मिनिटांतली दोन ठेवायची आणि अठ्ठ्याण्णव टाकायची. ऐकायला अशक्य वाटतं, पण त्यातलं बरंच स्वतःहून गळतं. 'मागील भागात', 'पुढील भागात', शीर्षकगीत, ब्रेकनंतर परत दाखवलेले तेच संवाद, आणि दारात उभं राहून चोरून ऐकणारं कुणीतरी.

यानंतर येतात रिअॅक्शन शॉट. सासूबाई एक वाक्य बोलतात, मग सून, मग नवरा, मग जाऊ, मग काकी असे चेहरे एकेक करून येतात, मागं ढोल आणि बासरी, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तीन-चार सेकंद. नवखा माणूस हे सगळे चेहरे उडवतो आणि सीन मरतो, कारण वाक्य कुणालाच लागलं नाही असं दिसतं. एक चेहरा ठेवावाच लागतो, आणि तो कुणाचा ठेवला यावरच सिनेमा कुणाचा हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. सुनेचा सिनेमा असेल तर सुनेचा चेहरा, पण मला विचाराल तर कधीकधी गप्प बसलेल्या सासऱ्याचा ठेवला तर सीन कुठल्या कुठं जातो. बाकीचे चेहरे फेकायचे नसतात, वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवायचे, कारण पुढं दोन वेगळ्या भागांतले सीन जोडताना मध्ये जोड झाकायला असाच एखादा गप्प चेहरा उपयोगी पडतो.

दुसरी अडचण कॅलेंडरची. आपल्या मालिका सणावाराबरोबर चालतात, टीव्हीवर गणपती म्हणजे बाहेर गणपती. त्यामुळं जूनच्या भागातलं भांडण आणि नोव्हेंबरच्या भागातला समेट जवळ आणला की मागं आकाशकंदील लटकायला लागतो. मंगळसूत्र आधी आहे का नंतर, दाढी किती वाढलीय, हाताला पट्टी कुठनं आली, हे सगळं बघावं लागतं. आणि मध्येच कलाकार बदलला असेल तर एवढंच करता येतं की त्या माणसाला कमीत कमी ठेवायचं, नाहीतर दोघांपैकी एकाच्याच काळातली गोष्ट निवडायची.

आवाज

चित्र कापणं एक महिन्यात शिकता येतं. आवाज शिकायला वर्षं जातात. मालिकेत संवादाखाली संगीत जवळजवळ कायम वाजत असतं, त्यामुळं मधली दोन वाक्यं काढली की चित्र गुळगुळीत जातं पण खालची सतार मध्येच तुटून तिसऱ्याच सुरावर उडी मारते, आणि डोळ्याला न कळलेला कट कानाला लगेच कळतो. ज्या परदेशी मालिका ५.१ आवाजात, म्हणजे सहा वेगवेगळ्या चॅनेलमध्ये, मिळतात त्यात संवाद बहुतेक मधल्या चॅनेलवर असतो, तो वेगळा उचलता येतो. साध्या स्टिरिओत ती सोय नाही. आता संवाद आणि संगीत वेगळं करणारी एआय टूल्स आली आहेत, पण जास्त ओढलं की 'स', 'श', 'च' ही अक्षरं फाटतात आणि माणूस बोबडं बोलल्यासारखं ऐकू येतं.

तेव्हा खरा उपाय म्हणजे वातावरणाचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून खाली पसरायचा. पैलवानाची गोष्ट असेल तर पहाटे तालमीत जाऊन दहा मिनिटं मोबाईल एका कोपऱ्यात ठेवायचा, लाल मातीवर अंग आपटल्याचा धप्प आवाज, दंड थोपटणं, वस्तादांचं अधूनमधून हाकारणं, एवढं मिळालं की कुठल्याही दोन सीनमधला जोड त्याखाली जातो. उसाच्या रानातल्या सीनला गुऱ्हाळाचा आवाज, संध्याकाळच्या घरातल्या सीनला लांबनं येणारी आरती. हा आवाज एका सीनच्या शेवटी सुरू करून पुढच्या सीनमध्ये न्यायचा, म्हणजे कान आधी पोचतो आणि डोळा मागनं येतो. हे जमलं की तुमचा कट सिनेमा वाटायला लागतो, त्याआधी नाही.

चित्राच्या बाजूला दोन गोष्टी सांगितल्या की बास. जुन्या प्रसारणाच्या कॉप्या इंटरलेस असतात, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत दिसतं, हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात, त्या एडिटला बसायच्या आधी काढायच्या, नंतर नाही. आणि आपल्याकडचं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणून टाइमलाइनही २५ चीच ठेवायची, २४ वर नेलं की चालताना माणूस अडखळतो. सॉफ्टवेअरचा बाऊ करू नये, दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एवढ्या कामाला पुरते.

कोल्हापूर

कोल्हापूरच्या माणसाला या कामाचं वेड लागलं तर त्यात नवल काही नाही. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला, त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० ला आला आणि त्यातला कीचकवध इतका अंगावर येणारा होता की ते दृश्य कापावं लागलं. म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं हा वाद या गावात पहिल्या सिनेमापासनंच आहे. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्याआधी १९३२ चा 'अयोध्येचा राजा' इथंच झाला. नंतर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ, मग मोरेवाडीची चित्रनगरी. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, येणारी-जाणारी माणसं रोज बघतात.

आणि आता मालिकांचं शूटिंगही इकडं होतंय. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ ते २०२१ एवढी वर्षं चालली, त्यात दिसणारा वसगडे गावचा वाडा त्यामुळं सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आणि त्यातलं 'चालतंय की' घराघरांत गेलं. समजा या मालिकेचा फॅन कट करायचा, तर पहिला प्रश्न तोच, कुणाचा? नायक राणा आणि नायिका अंजलीबाई यांच्या प्रेमाचा केला तर तो सरळ जातो, शिकलेली मास्तरीण आणि अडाणी पैलवान, लग्नापर्यंत आलं की सिनेमा संपला. खलनायिका वहिनीसाहेबांचा केला तर घरातल्या सत्तेची गोष्ट होते, जास्त काळी, आणि मला तरी जास्त दमदार वाटते. पण आमच्याकडं चारचौघांत बसून बोललं तर बरेच जण तिसरंच म्हणतात, की तालीम, रान, जत्रा, गावातली बोली हे ठेवा, बाकी गोष्ट थोडी कमी झाली तरी चालेल. मुंबईच्या सेटवर न दिसणारं आपलं गाव त्यात आलंय, आणि ते हजार भागांत विखरून पडलंय, ते एका जागी बघायला मिळावं असं वाटण्यात काय चूक आहे? मात्र असा कट सिनेमा म्हणून उभा राहायला कष्ट लागतात, कारण नुसत्या गावाला शेवट नसतो. गोष्टीचा एक धागा बारीक का होईना ठेवावाच लागतो, आणि कोल्हापुरात तो बहुतेक वेळा कुस्ती हाच सापडतो, कारण कुस्तीला आयता शेवट आहे, एकाची पाठ मातीला लागते.

बोलीचा मुद्दा लहान वाटतो पण आहे मोठा. कापाकापी करताना लोक माहितीची वाक्यं ठेवतात आणि 'काय गा', 'लय भारी', 'तसं न्हवं' असली रिकामी वाटणारी बोलणी उडवतात. गोष्ट कळते, पण माणसं कुठली ते कळत नाही. ही बोलणी शेवटपर्यंत हातात ठेवावीत.

कायदा

इथं स्पष्ट बोललेलं बरं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणं मालिकेची कॉपी करायचा आणि ती लोकांपर्यंत पोचवायचा हक्क मालकाचा, आणि तो प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो. कलम ५२ मध्ये स्वतःच्या खाजगी वापराला आणि समीक्षेला सूट आहे, २०१२ च्या दुरुस्तीनंतर ही सूट सिनेमालाही लागू झाली, पण त्याच दुरुस्तीनं कलम ६५अ आणून, कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं डिजिटल कुलूप हक्क मोडायच्या इराद्यानं तोडणं हा गुन्हाही केला. म्हणजे घरी शिकायला, स्वतःपुरतं एडिट करणं ही एक गोष्ट आणि सगळा सिनेमा नेटवर टाकणं ही अगदी दुसरी. 'आम्ही पैसे घेत नाही' एवढ्यानं अपलोड कायदेशीर होत नाही. दुसऱ्याचा व्हिडिओ आपोआप पकडणारं यूट्यूबचं कंटेंट आयडी तर माणसाच्या आधी ओळखतं. हॉल घेऊन जाहीर खेळ लावायचा म्हटलं तर मालकाची परवानगी आणि सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ खालचं प्रमाणपत्र हेही आलं.

जगभरातल्या चाहत्यांनी यातनं स्वतःचे दोन नियम पाळत आणलेत, एक म्हणजे एक पैसाही घ्यायचा नाही, दुसरा म्हणजे ज्याच्याकडं मूळ मालिका रीतसर घेतलेली आहे त्यानंच कट बघायचा. कोर्टात याचा उपयोग होईलच असं नाही, पण हे नियम चांगले आहेत, कारण मूळ काम ज्यांनी उन्हातान्हात उभं राहून केलं त्यांचा मान त्यात राहतो. सुरुवातीच्या पाटीवर मूळ लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन, एडिटर यांची नावं पूर्ण द्यावीत आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी.

कशाचा होतो, कशाचा होत नाही

ज्या मालिकेला एक मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शेवटी मिळतं तिचा सिनेमा होतो. ऐतिहासिक मालिका सोप्या जातात, आयुष्यातला एकच प्रसंग उचलता येतो, उदाहरणार्थ एकाच गडाची किंवा एकाच स्वारीची गोष्ट. खुनाच्या तपासाच्या मालिका दिसायला सोप्या पण फसव्या असतात, कारण एक पुरावा काढला की पुढचे चार उघडे पडतात. मध्येच बंद झालेल्या मालिकेचा कट करायचा तर शेवट आधीच्याच कुठल्यातरी भागात शोधावा लागतो, आणि चांगला एडिटर तो शोधतोही, एखादा निरोपाचा सीन, एखादं बंद होणारं दार.

विनोदी मालिकांचा मात्र होत नाही. त्यातला प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण असतो, माणसं भागाच्या शेवटी जिथं होती तिथं परत येतात, आणि असे सहा भाग जोडले तर सहा भागच राहतात.