दहशतवादाला माथेफिरू कमी लागतात, डोळेझाक करणारे जास्त

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ आणि काडतुसं सापडली. रायगडात हाय अलर्ट, जागोजागी नाकाबंदी, टीव्हीवर दिवसभर तेच. नंतर कळलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि बोट तशीच वाहत वाहत इकडे आली. म्हणजे घातपात वगैरे काही नव्हतं.

पण लोक घाबरले त्यात त्यांची चूक नाही, कारण याच श्रीवर्धन तालुक्यात एकदा खरोखरचा माल उतरलाय. आणि दहशतवादाचं गणितच असं आहे की मरणाऱ्यांपेक्षा बघणारे महत्त्वाचे. हल्ला होतो एका ठिकाणी, निरोप असतो लाखोंना. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लोकांनी घाबरून विमान सोडलं आणि गाड्या काढल्या, तर पुढच्या वर्षभरात रस्त्यावरच्या अपघातांत नेहमीपेक्षा साधारण १,५०० माणसं जास्त गेली, असा हिशोब गर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मांडलाय. भीतीनेच मेली की ती!

आता १९९३. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली, मग मुंबईत दोन टप्प्यांत दंगली, आणि १२ मार्च १९९३ ला दुपारी स्टॉक एक्स्चेंजपासून सुरू होऊन दोन-अडीच तासांत एकामागून एक स्फोट, २५७ माणसं गेली. यासाठीची शस्त्रं आणि आरडीएक्स उतरले ते आपल्या दिघीला आणि शेखाडीला. कसे उतरले? ज्या वाटेने वर्षानुवर्षं तस्करीचं सोनं-चांदी उतरायचं त्याच वाटेने. लँडिंग करणारी माणसं तीच, ट्रक तसेच, हप्तेही ठरलेले. पोलिसांनी वाटेत माल अडवला आणि लाच घेऊन सोडला, कस्टमचे अधिकारीही सामील होते, हे कोर्टात सिद्ध होऊन शिक्षा झाल्यात. यातल्या कितीजणांना कुठल्या विचारसरणीशी घेणं-देणं होतं? त्यांच्यासाठी तो नेहमीचा धंदा होता, पेटीत काय आहे ते विचारायचं नाही एवढंच.

मला वाटतं दहशतवादावरच्या चर्चेत हा भाग सगळ्यात कमी येतो. आपण म्हणतो अतिरेकी म्हणजे डोकं फिरलेला किंवा मग उपाशी पोरगा. अभ्यासकांना दोन्ही तसं सापडत नाही. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्येच लिहिलं होतं की या लोकांमध्ये काही समान दिसत असेल तर ते त्यांचं नॉर्मल असणं (एकट्याने हल्ला करणाऱ्यांत मात्र मानसिक आजाराचं प्रमाण जास्त दिसतं, तो वेगळा विषय). गरिबीचं म्हणाल तर क्रुगर आणि मालेच्कोव्हा यांनी लेबनॉनमधल्या हिजबुल्लाच्या १२९ मेलेल्या लढवय्यांची माहिती तपासली, त्यांच्यात गरीब २८ टक्के आणि तिथल्या लोकांत ३३ टक्के, शिक्षणही यांचंच जास्त. मग माणूस ओढला जातो कशाने? बऱ्याचदा दोस्तांमुळे. मार्क सेजमन यांनी १७२ जिहादींची माहिती गोळा केली तर साधारण दोन तृतीयांश लोकांची आत जायच्या आधीपासून तिथे मैत्री होती. आधी कंपू जमतो, मग आपल्यावर अन्याय झालाय ही गोष्ट पक्की होते (कधी तो अन्याय खराही असतो), मग बाहेरच्यांशी बोलणं तुटतं, आणि मग मागे फिरलो तर दोस्त काय म्हणतील ही लाजच पुढे ढकलत राहते.

तरी एक फरक ठेवायलाच पाहिजे. टोकाचा विचार म्हणजे दहशतवाद नाही, टोकाचं बोलणारे बहुतेक लोक आयुष्यभर फक्त बोलतातच. दहशतवाद ही पद्धत आहे, ती कुणीही वापरू शकतो, सरकारसुद्धा. १७९३-९४ मध्ये फ्रान्समध्ये गिलोटिन चालवत होतं ते रोबेस्पिएरचं सरकारच होतं. पुढे रशियात १८८१ मध्ये नारोदनाया वोल्या या गटाने बॉम्ब टाकून झार अलेक्झांडर दुसरा याला मारलं. दहशतवादाचे अभ्यासक डेव्हिड रॅपोपोर्ट म्हणतात तिथून चार लाटा आल्या: अराजकवादी, मग वसाहतींविरुद्धची, १९६० नंतर डाव्यांची आणि १९७९ पासून धर्माची, प्रत्येक साधारण ४० वर्षांची. धर्म म्हटला की आपण लगेच एकाच धर्माकडे बघतो, पण १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडणारा ओम शिनरिक्यो पंथ जपानी होता.

आणि व्याख्या? श्मिड आणि योंगमन यांनी १९८८ मध्ये १०९ व्याख्या मोजल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांत सगळ्या देशांना मान्य अशी एकही अजून नाही. आपल्याकडचंच बघा, खेड तालुक्यातल्या आयनीचा अनंत कान्हेरे, २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाटकगृहात त्याने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, पुढच्या एप्रिलमध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी. इंग्रजांच्या कागदात तो खुनी, आपल्याकडे हुतात्मा. माझ्यापुरती कसोटी एकच, मारणाऱ्याने निशाणा कुणावर धरला. बाजारात, लोकलमध्ये कोण मरेल याची फिकीर न करता बॉम्ब ठेवणारा आणि कान्हेरे मी एका रांगेत बसवणार नाही, तुम्ही भांडा खुशाल.

हे गट संपतात कसे यावरही काम झालंय. रँड या अमेरिकन संशोधन संस्थेने १९६८ ते २००६ मधले ६४८ गट तपासले. संपलेल्यांपैकी ४३ टक्के राजकारणात आले म्हणून संपले, ४० टक्के पोलीस आणि गुप्तचरांच्या कामामुळे, लष्करामुळे फक्त ७ टक्के. पोलिसांचं काम म्हणजे शेवटी खबर. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ते दहाजण कुलाब्याला उतरले तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं, तुम्ही कोण म्हणून. त्यानंतर किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी वाढली, खलाशांना बायोमेट्रिक कार्ड आली, बोटींना राज्यागणिक रंग आले, सागर कवच नावाच्या ड्रिल होतात. चांगलंच आहे. फक्त कार्ड तपासणारा माणूस कार्ड नसलेल्याला शंभराच्या नोटेवर सोडत असेल तर दिघीची वाट अजून चालू आहे, आणि खबर द्यायला गेलेल्या तांडेलालाच (बोटीच्या मुख्य खलाशालाच) अर्धा दिवस चौकीत बसवून ठेवलं तर पुढच्या वेळी तो मासळी उतरवेल नि गप घरी जाईल.