डिस्कवाला पीएस५ आणि डिजिटल पीएस५, दोन्ही ‘सेम’ कसे काय?

आमच्या बेळगावात कुणी नवा पीएस५, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेम खेळायचा कन्सोल, घ्यायचं काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, डिस्क ड्राइव्ह असलेला डिस्कवाला घेऊ का ड्राइव्ह नसलेला, नेटवरनं गेम उतरवायचा डिजिटल, आणि उत्तरही ठरलेलं, ‘काय विचारूलास गा, दोन्ही सेम हाय, डिजिटल स्वस्त, घेऊन टाक’. हे ऐकून ऐकून मला खरंच वैताग आलाय. उत्तर अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यापायी पोरांचे पैसे जातात.

सेम काय आहे ते पटकन सांगतो. प्रोसेसर, ग्राफिक्स, कंट्रोलर, सगळं तेच. डिजिटलवर गेम जास्त स्मूथ चालतो असं कोण सांगत असेल तर ऐकू नका. डिस्कवाल्यात ब्लू-रे पिक्चर लागतो, पण आपल्याकडे ते कोण लावतंय, सोडा. स्लिम मॉडेल असेल तर डिजिटललासुद्धा नंतर वेगळा ड्राइव्ह घेऊन बसवता येतो, पहिल्यांदा जोडताना नेट लागतं एवढं ध्यानात ठेवा. जुन्या जाड डिजिटलला मात्र काही केलं तरी तो बसत नाही.

डिस्क घेतली की कन्सोलमधली जागा वाचते हा एक गैरसमज आहे, तो पीएस२ च्या काळातनं आलाय. तेव्हा गेम डिस्कवरनंच चालायचा. आता डिस्क घातली की गेम पूर्ण एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवर उतरतो. पहिल्या पीएस५ ची एसएसडी नावाला ८२५ जीबी, गेमसाठी हाताला लागते ६६७ च्या आसपास, आणि मोठे गेम शंभर शंभर जीबीचे, म्हणजे सहा-सात गेममध्ये भरली. डिस्कवाला असो नाहीतर डिजिटल, हे दुखणं दोघांना आहे. खानापूरकडं पावसाळ्यात नेट कसं असतं ते तिथं राहणाऱ्याला विचारा, तिथं डिस्कवरनं गेम उतरवणं नक्कीच सोपं जातं, पण अपडेट शेवटी नेटवरनंच घ्यावं लागतं.

मग गेम एसएसडीवर गेल्यावरही खेळताना डिस्क आत का ठेवायला लागते? कारण ती किल्ली आहे. सगळा घोळ इथंच होतो. डिस्क ही वस्तू आहे, ज्याच्या हातात ती त्याचा गेम, कंपनीला तुमचं नावही माहीत असायची गरज नाही. डिजिटल गेमला तुम्ही तेवढेच पैसे देता, पण तुमच्या अकाउंटला मिळते ती फक्त खेळायची परवानगी, आणि ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. मी हे उगाच ताणत नाही, कॅलिफोर्नियात २०२४ ला यावर कायदा झाला आणि २०२५ पासून लागू आहे, की परवानगीच विकत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, नुसतं ‘खरेदी करा’ लिहून भागणार नाही.

आता हे आपल्या घरात आणून बघा. नवा मोठा गेम पाच हजाराच्या आसपास, तीन आठवड्यात स्टोरी संपते. डिस्क असली की ती निपाणीच्या मावसभावाकडं जाते, त्याची माझ्याकडं येते, कॉलेजच्या पोरांच्यात तर चौघं मिळून चार डिस्क घेतात आणि वर्षभर फिरवतात. अर्ध्या किमतीत विकली तरी चार गेममध्ये दहा हजार परत आले, म्हणजे ज्या फरकासाठी डिजिटल घेतला तो फरकच संपला. भारतात २०२१ ला पीएस५ आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल ३९,९९० होता, लोकांना तेवढाच आकडा दिसतो, पुढचे गेम कुणी धरतच नाही. आणि पीएस४ च्या जुन्या डिस्क घरात पडल्या असतील तर डिस्कवाल्यात जवळजवळ सगळ्या चालतात, ड्राइव्ह न जोडलेल्या डिजिटलमध्ये एकही नाही.

सगळ्यात वाईट घोळ सेकंडहँडमध्ये. माझ्या मामेभावानं वापरलेला डिजिटल पीएस५ घेतला, विकणारा म्हणाला आत चाळीस गेम आहेत, अकाउंटसकट देतो, म्हणून जास्तीचे पैसेही घेतले. दोन महिने मस्त चाललं, मग एक दिवस सगळ्या गेमवर कुलूप. कारण एका अकाउंटचे गेम इतरांना एका वेळी एकाच पीएस५ वर खेळता येतात, त्याची सेटिंग असते, आणि त्या माणसानं स्वतःसाठी नवा घेऊन सेटिंग तिकडं चालू केली. पासवर्ड त्याचा, ईमेल त्याचा, भांडायचं कशाच्या जोरावर? पोरगं रडवेलं झालं होतं, मला अजून राग येतो. तेच चाळीस गेम डिस्कवर असते तर विकल्यावर त्या माणसाचा संबंध संपला असता.

डिस्क म्हणजे जन्माची हमी असंही मी म्हणत नाही. ‘द क्रू’ हा रेसिंगचा गेम ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केल्यावर मेला, डिस्कवाल्यांचाही. उलटं, २०२५ ला आलेल्या निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलच्या काही गेम कार्डांत गेमच नसतो, नुसती किल्ली, गेम डाउनलोड करायचा, तरी ते कार्ड विकता येतं. म्हणून गेम आत आहे का यापेक्षा उसना देता येतो का, विकता येतो का हे विचारा.

मग शेवटी कन्सोल घ्यायचा कुठला? वर्षभर एकच फुटबॉलचा गेम किंवा फुकटातला फोर्टनाइट खेळणार असाल तर डिजिटल खुशाल घ्या. बाकी सगळ्यांनी ड्राइव्हवालाच घ्यावा, सहा महिने थांबायला लागलं तरी. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस ला ड्राइव्ह नाही आणि बसवताही येत नाही, पीएस५ प्रो पण ड्राइव्हशिवाय येतो, पण त्याला जोडता येतो. आणि सेकंडहँड घेताना पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याचं अकाउंट काढायला लावा, फॅक्टरी रिसेट मारायला लावा, मग स्वतःच्या अकाउंटनं चालू करून बघा. तेवढ्याला तो कां-कू करायला लागला तर पैसे खिशात ठेवून उठा.