अडथळ्यांची शर्यत : मृत्यूनंतर आलेले नियम

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत सुरक्षेचे बहुतेक नियम कुणाचा तरी जीव गेल्यावरच आले. १९२३ ची ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची नामांकित शर्यत जिंकणारे कॅप्टन टप्पी बेनेट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला घोड्यावरून पडले. डोक्याला जबर मार लागला आणि जानेवारीत ते गेले. त्यानंतर अशा शर्यतींत जॉकींना संरक्षक टोपी सक्तीची झाली. पुढे १९६३-६४ च्या हंगामात टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल या दोघांचे कणे मोडले. जायबंदी जॉकींसाठीचा मदतनिधी १९६४ मध्ये सुरू झाला तो त्यांच्यामुळे.

घोड्यांच्या वाट्याला हा विचार फार उशिरा आला. ग्रँड नॅशनल जिथे होते त्या लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री (Aintree) मैदानावरचा बीचर्स ब्रूक हा अडथळा बघा. उडी घ्यायची त्या बाजूपेक्षा उतरायची बाजू बरीच खाली, आणि तिथली जमीन पुन्हा नाल्याकडे उतरती. टेकायला जमीन मिळेल या अंदाजाने घोडा पाय पुढे टाकायचा आणि तोंडघशी पडायचा. १९८९ मध्ये इथे दोन घोडे दगावले, तेव्हा कुठे तो उतार सपाट केला आणि नाल्यात भर घातली. २०१२ च्या ग्रँड नॅशनलमध्येही दोन घोडे गेले. पुढच्याच वर्षी अडथळ्यांतला कडक लाकडी गाभा काढून लवचीक गाभा बसवला. २०२४ पासून घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली आणि पहिला अडथळा ६० यार्ड अलीकडे आणला, म्हणजे घोडे पूर्ण वेग पकडण्याआधीच तिथे पोहोचतात.

चाबकाचा प्रश्न मात्र अजून धगधगतो आहे. नॉर्वेने १९८२ मध्येच तो जवळपास हद्दपार केला. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटके चालतात. त्यापेक्षा चार किंवा जास्त मारले तर घोडाच बाद होतो. माझ्या मते तेवढे फटकेही नकोत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रंगाचा बदल. अडथळ्याची पायथ्याची फळी आणि वरची दांडी वर्षानुवर्षे नारिंगी असे. माणसाला ती लांबूनही उठून दिसते. घोड्याला मात्र नारिंगी आणि हिरवा यांतला फरक जवळजवळ कळत नाही, त्यामुळे फळी गवतात मिसळून जाते. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे घोड्याच्या नजरेतून तपासले आणि २०२२ पासून ब्रिटनमधल्या मैदानांवर पांढरा रंग येऊ लागला. हा बदल कुणाच्या मरणाची वाट न पाहता झाला.